ताईंच्या दोन सीडी

आमच्या ताई चिडल्या की आवाज चढवत नसत, समोरच्याला मान द्यायला लागत. धाकटा दीर बाळाराम एकाएकी ‘बाळारामशेठ’ झाला, तेव्हाच मी ओळखलं, आता याचं काही खरं नाही.

भिवंडीत दिराच्या गाळ्यात ताईंचा कॉम्प्युटर क्लास होता. सकाळची बॅच मी घ्यायचे. मराठी शाळेतल्या मुलींना समजावेत म्हणून, शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटात बसून, ताईंनी कित्येक वर्षं मराठीत धडे टाइप केले होते. वडिलांच्या दिवसांना त्या माहेरी अकलोलीला गेल्या आणि इकडे दिराने कुलूप बदललं. दारावर त्याच्या पोराच्या नावाची पाटी लागली. धडेही पोरानेच लिहिले, असं तो सांगत सुटला.

ताईंच्या पर्समध्ये कायम दोन सीडी असत. आम्हाला बजावत, “मशीन चालू होत नसेल तर आधी बूटची सीडी. आत शिरायचं, आपलं सामान बाहेर काढायचं. रिकव्हरीची सगळ्यात शेवटी. ती मशीन दुकानातून आणल्यासारखं करते, आतलं काही ठेवत नाही.”

लाइट सारखी जात-येत होती, त्यात सगळे धडे ज्यावर होते ते क्लासचं मुख्य मशीन बंद पडलं. पोराला काही जमेना. दीर अंजूरला ताईंच्या घरी आला. माफीचा शब्द नाही, नुसतं चल म्हणाला. ताई मला घेऊन गेल्या. बूटच्या सीडीवर मशीन उघडलं आणि आधी आपले धडे पेनड्राइव्हवर घेतले.

“बाळारामशेठ, कसं करून देऊ?”

“घेतलं तवा व्हतं तसं. नवंकोरं.”

“आतलं सगळं जाईल.”

“मला नको शिकवू. कर.”

पोरगा काही बोलणार होता, बापाने त्याला गप्प केलं. ताईंनी दुसरी सीडी घातली.

याची गरज होती का, असं मी जिन्यात विचारलं.

“न्हाय,” ताई म्हणाल्या. “एक फाइल बिघडली होती. चहा होईपर्यंत नीट झालं असतं.” आणि हसल्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

धड्यांवाचून तो क्लास दिवाळीपर्यंतही टिकला नाही. मुली आमच्या नव्या खोलीत आल्या.

पुढे ताई अंथरुणाला खिळल्या, तेव्हा तो पुतण्या आला. वडपे गावातल्या गोडाऊनमध्ये कॉम्प्युटरवर काम मिळत होतं, शिकायला धडे हवे होते. ताई मला म्हणाल्या, “दे त्याला. वर माझं नाव घाल.”

ताई गेल्यावर मी ते दिले. फाइल नाही, कागदावर छापून. आणि नाव प्रत्येक पानावर घातलं.