बियाचा मुळा

वारूळवाडीच्या रस्त्याला एक शेतकरीण पांढरे मुळे घेऊन बसायची. तिचा मुळा तिखट नसे. दह्यातली कोशिंबीर मुलंही मागून खात. जुडी बांधताना ती एकेका मुळ्याचं शेपूट मोडून डोळे मिटून चाखायची. फार गोड लागला, की तो बाजूला. मला रागच यायचा.

"ताई, ह्यो बियाला. ह्याचा माथा परत मातीत लावायचा. गोड तेवढं खाऊन टाकलं, तर फुडल्या साली काय खायाचं?"

एकदा तिनं तसा एक माथा माझ्याच पिशवीत ठेवला.

"पोरगं आता समद्या रानात टोमॅटो लावतंय. तुमच्या कुंडीत ऱ्हाऊ द्या."

कुंडीत तो फुलला, डिंगऱ्यांनी लगडला. या कोवळ्या शेंगांची भाजी आमच्याकडे सगळ्यांच्या आवडीची. घरचे चिडले, पण मी एकही तोडू दिली नाही.