घणातला ण

खंडेनवमी. आजचं काम: ऑफिसातले सगळे कंप्युटर पुसून पूजेला तयार ठेवणे. झेंडूचे हार आणून झाले, हळदकुंकवाच्या वाट्या काढून झाल्या. आम्ही मोबाइलवर खेळायचे गेम बनवतो. हा धंदा फार आधुनिक आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा आमचा की-बोर्ड उलटा करून झटकावा. वाटीभर चिवडा निघतो.

खिडकीजवळचं टेबल मी शेवटी घेतलं. तिथे आत्या बसायच्या. नवीन कुणी येऊन अदबीनं विचारलं, "आपण इथे काय करता?" की त्या चष्मा कपाळावर ढकलायच्या आणि म्हणायच्या, "नावं ठेवते. पुण्यात बाकीचे फुकट ठेवतात, मला त्याचा पगार आहे."

समोरचा हसला तर ठीक. नाही हसला तर तो गेल्यावर त्यालाही नावं ठेवून व्हायची.

वाक्य मात्र शब्दशः खरं होतं. आमच्या गेममध्ये यंत्रांनी माणसांचं राज्य बळकावलेलं आहे. दर किल्ल्यावर एक दुष्ट यंत्रराजा आणि शेवटी त्या सगळ्यांचा सम्राट. खेळणाऱ्यानं एकेकाला हरवत वर चढायचं. या राजांना, ऐकताच पोटात गोळा येईल अशी नावं द्यायची, हे आत्यांचं काम. साठीची बाई, सुती साडी, डब्यात रोज थालीपीठ, आणि दिवसभर डोक्यात दुष्ट यंत्रं.

खरं तर त्या आल्या होत्या बटणांचं मराठी करायला. आधी एका छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. 'कंटिन्यू'च्या बटणावर त्यांनी 'पुढे सरका' लिहिलं. मी म्हटलं, "अहो, ही काय स्वारगेटची बस आहे?" त्या म्हणाल्या, "नाही ना. बसमध्ये कुणी सरकत नाही. इथे तरी सरकतील."

मग त्यांची नजर पडद्यावरच्या पहिल्या राजावर गेली. गंजलेल्या पत्र्यांचा डोंगर, डोळ्यांच्या जागी दोन दिवे.

"हा कोण?"

"बॉस वन," एक मुलगी म्हणाली.

"आईबापांनी ठेवलंय की नगरपालिकेनं?"

दुपारपर्यंत त्याचा भंगारेश्वर झाला होता. पाठोपाठ करवतनाथ आला. मग सगळीकडून दातेरी चाकं फिरणारा चक्राळविक्राळ आला. ते नाव ऐकून आमच्या मालकांनी स्वतः पेढे आणले. पेढे आल्यावर आत्या म्हणाल्या, "पेढे बारशाला. आधी बारसं."

आणि त्यांनी खरोखर बारसं केलं. कंप्युटरचा कान कोणता यावर थोडा वाद झाला. एक जण म्हणाला स्पीकर, पण स्पीकर तर तोंड. शेवटी माइक हाच कान ठरला. आत्या माइकशी वाकल्या, "कुर्र्र्र" केलं आणि नाव सांगितलं. बारशाला आत्यानं बाळाच्या कानात कुर्र केलं की बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. इंजिनिअरिंग शिकलेली सगळी पोरं लाजत उभी राहिली. आत्या वाकलेल्याच. "अरे मारा की! तेवढ्याचसाठी आत्याचा जन्म असतो."

त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्या आत्या झाल्या. त्यांचं खरं नाव मी इथे सांगत नाही. का, ते पुढे येईल.

नावाबद्दल त्यांचे नियम कडक होते. कुणी उगाच शेवटी 'असुर' जोडलं की म्हणायच्या, "असुर म्हणजे मीठ नव्हे, कशातही टाकायला." नाव तिसऱ्या मजल्यावरून हाक मारून बघायच्या. आमच्या जिन्यात उभ्या राहून "करवतनाऽऽथ" असं ओरडल्या तेव्हा खालच्या दंतवैद्यांचा एक पेशंट खुर्चीतून उठून गेला म्हणे. आत्यांना या बातमीचा फार आनंद झाला.

सम्राटाचं नाव मात्र काही केल्या सापडेना. एका दुपारी त्या मला घेऊन कसबा पेठेत तांबट आळीत गेल्या. दोन्हीकडून ठोकाठोक चाललेली, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आत्या एका दुकानासमोर डोळे मिटून उभ्या राहिल्या. तांबटकाका बराच वेळ बघत होते.

"काय देऊ बाई? बंब? घंगाळ?"

"नाव हवंय."

"मग भांडं घ्या आधी. नाव घालून देतो."

आत्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसावे लागले. मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे घण असतो का हो?"

"घण लोहाराचा. आमचा हातोडा. घंगाळावर घण घातला तर परात होईल त्याची."

आत्यांचे डोळे चमकले. परतीच्या वाटेवर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. ऑफिसच्या पायरीवर थांबून एकदाच म्हणाल्या, "घणघोर."

दोन हातांच्या जागी दोन घण, पोटात पेटलेली भट्टी. दुसरं नाव शोभलंच नसतं. पण या नावानं आम्हाला छळलंही तेवढंच. कंप्युटर आपल्या अकलेनं 'घनघोर' करून टाकायचा आणि आत्या पुन्हा ण घालायच्या. आवाज द्यायला आलेला तरुणही 'घनघोर'च म्हणाला. आत्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मी ढगाचं नाव ठेवलेलं नाही. घण. जीभ टाळूला लाव आणि आपट."

तो संध्याकाळपर्यंत जीभ आपटत होता. शेवटी आला ण. आत्यांनी त्याला स्वतःचं थालीपीठ दिलं.

घणघोरच्या बारशाच्या वेळी माइक चुकून सुरू राहिला. आवाजाचं काम बघणाऱ्या मुलीनं आत्यांचं ते कुर्र संथ केलं, त्याची पट्टी खाली उतरवली. गंजलेला लोखंडी दरवाजा फरशीवरून ओढावा तसा तो आवाज झाला, आणि त्याच्या पाठोपाठ दबक्या सुरात नाव. सम्राट येताना गेममध्ये हेच वाजतं. रणगाड्यासारखं धूड चालून येतं आणि आत बोलत असतात थालीपीठ खाणाऱ्या आत्या.

मग मालकांनी अडवलं. आमचे मालक वयानं माझ्या धाकट्या दिराएवढे आहेत. माणूस वाईट नाही, पण त्यांना सारखं जग दिसतं. म्हणाले, "आत्या, नाव झकास आहे, पण बाहेरच्या लोकांना ण म्हणता येत नाही. आपण झायरॉक्स ठेवू."

"पाठपोट काढून देतो का हा?" आत्यांनी विचारलं.

सगळे हसले. मालकही हसले, पण हेका सोडला नाही. "आत्या, जग..."

"जगाला ण येत नसेल तर जगानं शिकावा. आपण नाही शिकलो त्यांचे उच्चार, ओठ वाकडे करकरून? आणि हा खलनायक आहे हो. पाहुणा नाही, की त्याचं नाव यजमानाच्या जिभेला सोपं पाहिजे."

"नुसतं नाव तर बदलायचंय."

आत्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली थट्टा गेली.

"लग्नात ताटात तांदूळ पसरून माझं नाव बदललं होतं. अंगठीनं लिहिलं होतं, सुरेख अक्षरात. मला कुणी विचारलं नाही. तेव्हाही सगळे हेच म्हणाले, नुसतं नाव तर बदलायचंय. त्या नावाला मी अर्धं आयुष्य ओ दिली. म्हाताऱ्या वयात चार कचेऱ्यांचे उंबरे झिजवून जुनं नाव परत आणलं, आणि तोवर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बारसं झालंय याचं. कानात सांगून झालंय. आता याचं नाव बदललं तर माझं टेबल रिकामं समजा."

नाव राहिलं. ज्या नावासाठी बाईंनी एवढे उंबरे झिजवले, ते मी असं सहज छापून टाकणार नाही, एवढंच.

श्रावणात आत्या गेल्या. सकाळी उठल्याच नाहीत. ऑफिस त्यांच्या घरी जाऊन आलं आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसलं, कारण दसऱ्याला गेम बाहेर काढायचा ठरलेला होता आणि तो वेळेत काढणं हे माझं काम आहे. शेवटची मंजुरीही माझीच. रडायचं असेल त्यांनी घरी रडावं, असं मी सांगितलं. माझ्यासकट सगळ्यांना लागू.

आज मी त्यांचा माइक पुसत होते तेव्हा मालक आले. बाजूची खुर्ची ओढून बसले. हाराची फुलं उगाच मोजल्यासारखी करत म्हणाले, "ताई, उद्या सोडायच्या आधी एक करू या. तो झायरॉक्स..."

"आत्यांसमोर मिटलं होतं हे."

"हो, पण आता कुणाला वाईट वाटायचा प्रश्न नाही ना."

माझ्या हातातलं फडकं थांबलं.

"आणि तो आवाज?" मी विचारलं.

"तोही बदलावा लागेल. त्यात जुनं नाव आहे."

माणूस वाईट नाही, हे मी वर लिहिलं आहे. ते खोडत नाही. पण तांदळाच्या ताटाभोवती उभे असलेले लोकही वाईट नसणार. ते मजेत असतील, जिलबी खात असतील. अक्षर सुरेख आहे म्हणत असतील.

मी माइकला हळदकुंकू लावलं, हार घातला. मालकांना म्हटलं, "उद्या सकाळी बोलू. पूजेला बसा आता. मांडी घाला नीट."

दसरा. सकाळी मी सगळ्यांच्या आधी ऑफिसात गेले. गेम पुन्हा एकदा शेवटपर्यंत चालवला. दरवाजा करकरला, आत्या बोलल्या, ण टाळूवर आपटला. मी मंजुरी दिली आणि गेम बाहेर सोडला.

हळूहळू सगळे आले. मालक आल्यावर त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. "सोनं घ्या. गेम गेला. घणघोरच गेला."

त्यांचा चेहरा लाल झाला. "ताई, मी सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"परदेशात कोण म्हणणार हे नाव?"

"म्हणता नाही आलं तरी मार खातीलच. खेळच तो आहे."

मी आत्यांच्या माइकशी गेले आणि वाकून पाठ पुढे केली. "नाव ठेवणारीच्या पाठीत मारायचा सगळ्यांना हक्क असतो. आत्या नाहीत, तर पाठ माझी. मालक, या, पहिला मान तुमचा. आणि राग धरून मारा, उगाच थोपटू नका."

मग पावलं ऐकू आली आणि पाठीत धपाटा बसला. चांगला सणसणीत.

"आला," मी म्हटलं. "ण आला."