इतवारीपर्यंत, डोळे मिटून

इंदुताईंकडे मी अकरा वर्षं ब्लाऊज शिवायला टाकते. एकही वेळेवर मिळालेला नाही, तरी दुसरीकडे जायची माझी हिंमत होत नाही. बाई तोंडाच्या तिखट. नंदनवन वस्तीतल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांची मशीन, आणि अस्तर-लेस आणायला स्वतःच्या स्कूटरवर इतवारीच्या बाजारात जाणं. ही स्कूटर त्या नवरा गेल्यावर, चाळिशी उलटल्यावर शिकल्या. तिच्यावर त्यांचा भारी जीव.

मागच्या दिवाळीआधी शहीद चौकाजवळ एक टेम्पो न बघता मागे येऊन स्कूटरवर आदळला आणि इंदुताईंचा पाय मोडला. पाय जुळला, पण किल्ली हातात घेतली की हात थरथरायला लागायचे. मुलगा भूपेश म्हणाला, "आई, आता बस झालं. गाडी विकून टाकू. तुले काय पाहिजे ते मी आणून देतो ना." आणायचाही, नेमकं चुकीच्या रंगाचं. रविवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार, हेही त्याने परस्पर ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात मी गेले तर इंदुताई मशीनच्या स्टुलावर डोळे मिटून, दोन्ही मुठी पुढे धरून बसलेल्या. मला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

"इतवारीले जाऊन राहिली," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "मधात बोलू नको."

रोज दुपारी हाच उद्योग. स्वतःलाच गोष्ट सांगायची: इंदू निघाली, जगनाडे चौकात सिग्नलला थांबली, गंगाबाई घाटावरून पुढे आली. शहीद चौक आला की चित्र तुटायचं. की पुन्हा घरापासून सुरुवात.

शुक्रवारी मला राहवलं नाही. "त्या चौकात नेमकं काय दिसतं हो तुम्हाला?"

त्या पुन्हा घरापासून निघाल्या. बराच वेळ गेला. मग एकदम डोळे उघडले, चेहरा लालबुंद.

"निळा शर्ट दिसते वं! भूपेशची पाठ! गाडी तो चालवून राहिला, अन् मी मागं बसली." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "डोकं माहं, गाडी माही, अन् मीच मागं? याले पुढं बसवलं कोणी? मीच ना!"

मला हसू आलं, पण त्यांचा अवतार बघून गिळलं. त्यांनी पुन्हा डोळे मिटले आणि खोलीत नसलेल्या भूपेशला मोठ्याने म्हणाल्या, "उतर गा खाली!" त्या दिवशी पहिल्यांदा त्या लेसच्या दुकानापर्यंत पोहोचल्या. घामाने पाठ भिजली होती.

रविवारी मी मुद्दाम गेले. गिऱ्हाईक म्हणालं, एक चक्कर मारून बघतो. इंदुताईंनी भूपेशच्या हातातली किल्ली ओढून घेतली. हात थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते.

"चक्कर मीच मारीन. भूपेश, मागं बस."

"आई, काहून जिद्द करून राहिली?"

"मागं बस म्हटलं ना!"

बसला बिचारा. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. गिऱ्हाईक अर्धा तास माझ्यासमोर चहा पीत बसलं आणि कंटाळून निघून गेलं.

इंदुताई परतल्या. हँडलला अस्तराची पिशवी, मागे पांढराफटक भूपेश. शहीद चौकात हातगाडी आडवी आली तेव्हा त्याने म्हणे आईचा खांदाच धरला: "आई, मले भेव लागून राहिलं!"

"मग?" मी विचारलं.

"मग काय? म्हटलं, डोळे मीट. मी तसंच शिकली."