नवरीच्या खांद्यावरचा हात

घाटनांदुरात टीव्ही बिघडला की लोक चाँदला शोधायचे, सुधरला की इसरायचे. माझ्या किराणा दुकानाला लागून वीस वरसं त्यानं पेचकस फिरवला, कंबर गेली, डोळे गेले, गावाची तक्रार मात्र एकच, "चित्र पडदाभर न्हाई!" अरे, सांजच्याला व्होल्टेज पडायचं, चित्र चारी बाजूंनी आकसायचं, त्याला चाँद काय करील? शेवटी वैतागून त्यानं तोड काढली. टीव्ही आला की आतला स्क्रू पिळून चित्र मुद्दाम मोठं करून द्यायचा. मग आकसलं तरी पडदा भरलेला. कडंचं थोडं बाहेर जायचं, पण कडंला कोण पाहतंय? लोक खुश, याची कटकट मिटली.

उमाबाईचा टीव्हीबी त्यानं तसाच करून दिलता. तिचा मालक महारुद्र शहाण्णव साली वारला, भाचीच्या लग्नानंतर महिन्याभरात. भिंतीवर फोटो होता, पण फोटोतला माणूस हलत न्हाई. हलता महारुद्र त्या लग्नाच्या कॅसेटीतच असणार. मंगलाष्टकाला मामा नवरीच्या मागं उभा राहतो, तसा तोबी राहिलता. कॅसेटीत मात्र नवरीच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा दिसायचा. बाई त्या हातासाठी कॅसेट लावायची आणि शूटिंगवाल्याला शिव्या घालायची, "मुडद्यानं माझा माणूस कापला!"

दोन हजार आठला लेकानं पुण्याहून चपटा, लांबट टीव्ही धाडला, कॅसेटीची सीडीबी करून दिली. चाँद जोडायला गेला, वजन उचलायला मी. सीडी लावली तर हळदीला बसलेली नवरी भोपळ्यावानी फुगलेली.

"अगं बया! पोरीला काय झालं?"

"जुनं चित्र चौकोनी, पडदा लांबट. ताणून बसवतोय त्यो," चाँद म्हणला आणि रिमोट दाबला. नवरी सडपातळ झाली. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले.

"पडदा भरला न्हाई की, चाँदभाई."

"ऱ्हाऊ द्या, वहिनी. भरून भरून थकलो मी."

तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली. खांद्यावरचा हात आला. आणि हाताच्या मागं, काळ्या पट्ट्याला चिकटून, पिवळ्या फेट्यातला महारुद्र उभा. अक्षता टाकत हसत होता.

उमाबाई मटकन खाली बसली. "हे... हे कवा आले?"

नव्या टीव्हीची करामत म्हणून चाँदला सुटता आलं असतं. मी डोळ्यानं खुणावलंबी, गप की बे! पण त्याचं तोंड पार उतरलं होतं.

"आधीपासून होते, वहिनी. शूटिंगवाल्याचा कसूर न्हाई. पडदा भरायच्या नादात मीच त्यांना बाहेर ढकललं."

बाईच्या डोळ्याला धार लागली. मला वाटलं, आता याची खैर न्हाई.

"बारा वरसं, चाँदभाई," ती एवढंच म्हणली. "बारा वरसं मी नुसता हात पाहिला."

चाँद माफी मागायला पुढं झाला. तिनं त्याला हातानं बाजूला सारलं.

"सरका. आता लाईट जाईल. तवर पाहू द्या मला."