पायाळूची टाच

एकोणीसशे त्र्याहत्तर साल. मला पस्तिसावं चालू होतं, आणि उठून बसायला बायकोचा हात लागत होता.

कोरड्या विहिरीत उतरून मी दगड वर देत होतो. एक दगड छातीपर्यंत आला आणि कंबरेत काहीतरी सरकलं. दगड मी टाकला नाही. नीट जागेवर ठेवला, मग पडलो. तेव्हापासून कळ कंबरेतून निघायची, कुल्ल्यातून मांडीच्या मागनं उतरायची आणि थेट करंगळीला झोंबायची. नगरच्या डॉक्टरांनी सायटिका म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या आणि तीन आठवडे फळीवर पडून राहा म्हणाले.

तीन आठवडे कुठले! दुष्काळानं दावणीला काडी ठेवली नव्हती. रविवारी सकाळी गावाची जनावरं राहात्याकडच्या छावणीला निघणार होती. तिकडं पाटाचं पाणी, उसाचं वाढं तरी मिळायचं. तीन मुक्कामांची चाल. माझ्या जोडीतला एक बैल मारका, माझ्याशिवाय कुणाला कासऱ्याला हात लावू द्यायचा नाही. बाप म्हणाला, "तू उठला न्हाईस तर सोमवारी बाजार दाखवतो दोघांना. हितं उपाशी मरन्यापरीस बरं."

त्या साली बाजारात गेलेले बैल पुढं कुठं जायचे, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

गावाबाहेर माळावर दोन जुळ्या बहिणी राहायच्या, दोघी म्हाताऱ्या, दोघी विधवा. एक जन्मताना डोक्याकडून आली, दुसरी पायाकडून. पायाकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, आणि पायाळूनं पाय लावला की धरलेली कंबर सुटते, असं आमच्याकडं मानतात. या दोघींचं काम वाटलेलं होतं. डोक्याकडून आलेली आधी हातानं अंग मोकळं करायची, मग पायाळू कंबरेवर टाच टेकवायची. ती पायाळू संक्रांतीच्या आसपास वारली होती. खरं सांगतो, मला ते सोयीचंच वाटलं. बाईमाणसाचा पाय पाठीला लावून घेणारा मी नव्हतो.

शनिवारी मला खाटेवर घालून मागं राहिलेल्या बहिणीकडं न्यायला चार गडी आले. त्यांना हाकललं. चौघांच्या खांद्यावर मी मेल्यावर जाईन म्हणालो. काठी आणि बायकोचा खांदा, एवढ्यावर निघालो. अर्धा मैल जायला दुपार झाली.

दारातच म्हातारीला बजावलं, "मावशे, हातानं काय करायचं ते कर. पाय लावायचा न्हाई."

ती हसली. "माझा पाय लावून काय उपेग, बाबा? पायाची ती हुती. ये, पड पालथा."

"हळू घ्या हं मावशी," बायको म्हणाली. "वाटंनं लई शिव्या खाल्ल्यात मी ह्यांच्या."

"देऊ दे की. शिव्या देतोय तवर जित्ता हाय."

मला वाटलं होतं ती तुडवेल, मोडेल, बोंब मारायला लावेल. तिनं दाबलंसुद्धा नाही. तेलाचे कोमट तळवे कंबरेवर नुसते ठेवले आणि वाट बघत बसली. कळ जरा हलली की तळवे तिच्यामागं सरकायचे. कुल्ला, मांडी, गुडघ्यामागची खाच. बायको बाहेर सावलीला बसली होती. माळावर पाखरू बोलत नव्हतं. म्हातारीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. जरा वेळानं वाटलं, श्वास दोन आहेत.

तिचे हात घोट्यापाशी पोचले, आणि माझ्या कंबरेवर टाच टेकली. गार, हलकी. भेगासुद्धा कळत होत्या.

"मावशे! पाय न्हाई म्हनलं हुतं ना?"

"माझं हात कुठं हायत?" आवाज पायथ्याकडून आला.

दोन्ही हात घोट्यावर होते.

"आन मी बसलीया का हुबी?"

मान वळवून पाहिलं. पायथ्याशी मांडी घालून बसली होती, पाय लुगड्यात झाकलेले. माझ्या पाठीवर कुणी नव्हतं. टाच मात्र होती तिथंच होती.

मी कोपरं टेकवली, उठणारच होतो.

"उठतोस तर उठ," म्हातारी म्हणाली. "पर मग ती परत यायची न्हाई. जितेपनी बी अशीच तापट हुती."

तेवढ्यात दारात बायको दिसली. ओरडणं ऐकून आली असावी. ती माझ्याकडं बघत नव्हती, माझ्या वर, माणसाच्या उंचीवर कुठंतरी बघत होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, घरात मोठं माणूस आलं की ओढतात तसा. मग हळूच म्हणाली, "अवो, पडून ऱ्हावा. बैलांसाठी तरी."

मी कोपरं सोडली. पस्तीस वर्षांत कुणाचं ऐकून गप्प पडलो, तो तेवढाच.

टाचेनं जोर केला नाही. ती नुसती होती. मग आत, जिथं सरकलं होतं तिथं, ओल्या दोरीची गाठ ढिली व्हावी तसं झालं. कळ मांडीतून उतरली, पोटरीत थांबली, करंगळीशी आली आणि म्हातारीच्या तळव्यात गेली. तिनं हात झटकले. पाठीवरचा गारवा उचलला गेला.

परतताना काठी काखेत होती.

"काय दिसलं गं तुला?" मी विचारलं.

"मला कुठं काय दिसलं?"

"मग पदर कशाला ओढलास?"

तिनं पदर खांद्यावर सारखा केला. मग म्हणाली, "तुमी सरळ चाला."

आता नातू म्हणतो, आजोबा, शिरेवरचा दाब सुटला असेल, गार हवा लागली असेल. असेल. पाठ त्याची नव्हती.

त्या रात्री मी पालथा झोपलो नाही, कंबर भिंतीला लावून पडलो. दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत उठलो, मारक्याचा कासरा मनगटाला गुंडाळला, दारात उभ्या बापाकडं न बघता त्याच्यासमोरून दोन्ही बैल काढले आणि राहात्याची वाट धरली.