फाशीचा चितारी

क्लेरमाँ शहरात आमाब्ल फायेला सगळे ओळखत, आणि त्याच्या चित्रांची तारीफ कुणीही करत नसे. खानावळीवरचा पांढरा घोडा त्याचा. चांभाराच्या दारावरचा बूटही त्याचाच, आणि तो बूट टोपलीसारखा दिसतो असं चांभार स्वतःच सांगे. आमाब्ल डाव्या हाताने रंगवायचा. उजव्या हाताची तीन बोटं वाकडी होऊन तळव्याला चिकटली होती. कुणी विचारलं तर तो म्हणे, "दारात अडकली." ते खोटं नव्हतं. फक्त दार कुणी लावलं ते तो सांगत नसे.

दार लावलं होतं व्हालकोर्बच्या काउंटने.

तेवीस वर्षांपूर्वी काउंटला आपलं तैलचित्र काढून घ्यायची हुक्की आली. प्रांतातल्या प्रत्येक बड्या घराण्याच्या दिवाणखान्यात असं चित्र असायचंच. त्यासाठी उत्तरेकडून एक नावाजलेला उस्ताद आला आणि हाताखाली त्याने क्लेरमाँतला आमाब्ल घेतला. कामाची वाटणी नेहमीचीच होती. चेहरा उस्तादाने रंगवायचा. हातमोजे, मखमलीचा पडदा आणि गळ्याभोवतीची लेसची जाळी मदतनिसाने. चेहऱ्याकडे मदतनिसाने बघायचंही कारण नव्हतं. आमाब्ल सहा आठवडे जाळीची एक एक गाठ मोजत बसला. ती जाळी रोज धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणायची पेरोनेल. ती काउंटच्या गढीच्या धोबीखान्यात कामाला होती आणि तिचं आमाब्लशी लग्न होऊन पुरता महिनाही झाला नव्हता.

एका दुपारी ती जाळी घेऊन वर गेली आणि खाली आली नाही. तिची किंकाळी ऐकून आमाब्ल रंग खरवडायची सुरी घेऊन जिन्याने धावला. दोन नोकरांनी त्याला धरलं. काउंट सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर आला, त्याने सुरीकडे पाहिलं आणि नोकरांना म्हणाला, "हात चौकटीवर ठेवा." मग लाथेने दार लावलं. एकदा लावून बोटं मोडली नाहीत, म्हणून आणखी दोनदा. त्यानंतर तो जाऊन उस्तादासमोर बसला. उस्तादाने त्याच दुपारी चेहरा पुरा केला.

आठ महिने आणि काही दिवसांनी जिल्बेर जन्मला. आमाब्लने दिवस मोजले, पुन्हा मोजले, आणि मग मोजणं कायमचं सोडून दिलं. पोराला त्याने आपलं नाव दिलं, खांद्यावर घेऊन जत्रा दाखवल्या, तापात रात्रंदिवस उशाशी बसून राहिला. पेरोनेल आणि तो त्या दुपारबद्दल एकमेकांशी कधी बोलले नाहीत. जिल्बेर मोठा होऊन खेचरवाला झाला, द्राक्षांच्या दारूचे बुधले डोंगरापार नेऊ लागला. रुंद खांद्यांचा, हसरा गडी. गावातल्या पोरी त्याच्याकडे वळून बघत, आणि आमाब्लची छाती फुगे.

मग एका हिवाळ्यात राजाने पॅरिसहून न्यायाधीश पाठवले. डोंगरातले सरदार रयतेवर करत होते ते अत्याचार राजाच्या कानावर गेले होते. कुणी कुळाला ओल्या भुयारात महिनोन्‌महिने डांबलं होतं, कुणी चर्चच्या दारात माणूस कापला होता. न्यायाधीश येताहेत म्हटल्यावर निम्मे सरदार रातोरात पसार झाले. पण पळाला म्हणून शिक्षा चुकत नाही. गुन्हेगार हाती लागला नाही तर त्याचं चित्र फळीवर काढायचं, खाली नाव आणि गुन्हा लिहायचा, आणि जल्लादाने ती फळी भर चौकात रीतसर फासावर चढवायची.

या फळ्या रंगवायचं काम आमाब्लकडे आलं. महिन्याभरात त्याने एकतीस सरदार रंगवले. सगळ्यांना एकच मिशी, एकच टोपी. फक्त अंगरख्याचा रंग बदलायचा. लोक पोट धरधरून हसत. "फाये, हे सगळे एकाच आईचे का रे?" असं विचारत. पळालेले सरदारही हसत होते. एकाने तर म्हणे सीमेपलीकडे मेजवानी देऊन स्वतःच्या फाशीच्या नावाने पेले भरले.

बत्तिसावं नाव व्हालकोर्बच्या काउंटचं निघालं. तो केव्हाच सीमेपलीकडे सॅव्हॉयला पोचला होता. त्याच्यावर सात खून शाबीत झाले होते. त्यातला एक गिरणीवाल्याचा. त्याला काउंटने त्याच्याच गिरणीच्या चाकाला बांधून पाणी सोडलं होतं.

आमाब्लने ते नाव वाचलं आणि कुंचला खाली ठेवला. तडक कोर्टाच्या कारकुनाकडे गेला.

"साहेब, याची फळी मी रंगवणार नाही."

"का बाबा? रंग संपला की मिशी संपली?"

"गढीवर तुमची जप्ती आहे. दिवाणखान्यात त्याचं तैलचित्र टांगलंय. तेच फासावर द्या."

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. "अरे, उस्तादाच्या हातचं चित्र ते! आणि ते पावसात टांगू?"

"हुकमात काय लिहिलंय? आरोपीचं चित्र टांगावं. कुणी काढलेलं, असं कुठे लिहिलंय? माझी मजुरीही वाचेल तुमची."

कारकुनाला गंमत वाटली. न्यायाधीशांनाही वाटली असावी, कारण चार दिवसांनी चित्र चादरीत गुंडाळून, खेचरावर लादून आमाब्लच्या दुकानात आलं. त्याला खाली नावाची पट्टी जोडायची होती. आमाब्लने चादर अर्धवट सरकवली, फक्त तळाची कड उघडी केली आणि मन लावून एक एक अक्षर रंगवायला बसला. एवढी सुबक अक्षरं त्याने डाव्या हाताने कधी काढली नव्हती.

पेरोनेल सूप घेऊन आली. तिने भांडं ठेवलं आणि चादर पूर्ण ओढली. मग तिने आमाब्लच्या हातातला कुंचला काढून घेतला.

"अहो, हे नका नेऊ."

"का?"

"तुम्ही काढा ना तुमची फळी. हिरवा अंगरखा काढा, लाल काढा. लोकांना काय, नाव वाचलं की झालं."

"तेवीस वर्षं वाट पाहिली मी, पेरोनेल. त्याला फासावर बघायचंय. त्याला स्वतःला. मिशीवाल्या भुताला नाही."

"तोंड बघा त्याचं."

"पाहिलंय."

"जाळी पाहिलीत तुम्ही. तोंड नाही पाहिलंत." तिने त्याची बाही धरली. "निदान जिल्बेरला नेऊ नका बरोबर. हात जोडते."

"मग कोण उचलणार? या हाताने उचलू?" त्याने उजवा पंजा तिच्या तोंडासमोर धरला. "चौकापर्यंत आणून देईल आणि जाईल तो."

तिने सुपाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. त्या घरात इतकी वर्षं गप्पच राहिल्यावर ऐनवेळी तोंडातून शब्द फुटतो थोडाच? आमाब्लला कळत नव्हतं असं नाही. माणसाला हवं ते मिळायची वेळ आली की नको ते न कळून घेण्यात तो फार हुशार होतो. त्याने चादर पुन्हा चित्रावर टाकली आणि वरून सुतळी बांधली.

बाजाराचा दिवस होता. काळ्या दगडाच्या घरांमधून थंड वारा सुटला होता. व्हालकोर्बची तीसेक माणसं पहाटेपासून डोंगर उतरून आली होती. हातात काठ्या आणि पायात बर्फाने भिजलेले लाकडी जोडे. पुढे गिरणीवाल्याची बायको होती, बुटकी, डोक्याला काळं फडकं. तिला कुणी वाट करून दिली नाही तरी ती कोपराने वाट करत फासाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

जिल्बेरने चित्र पाठीवर आणलं. "बा, हा सरकार चित्रातही जड आहे हं," तो धापा टाकत म्हणाला.

"ठेव इथे आणि जा तू."

"अरे, जातोस कुठे?" जल्लाद वरून ओरडला. "मी दोर बांधेपर्यंत उभं धर की. तुझ्या बापाच्या हाताने धरवेल का ते?"

लोक हसले. जिल्बेरही हसला. त्याने चौकट दोन्ही हातांनी उभी धरली आणि चित्राच्या बाजूला खांदा लावून उभा राहिला. जल्लादाने वाकून सुतळी कापली. चादर गळून पडली.

आमाब्लला हाच क्षण पाहायचा होता. त्याने मान वर केली. काळी मखमल, गुलाबी ओठ, हनुवटीतली खळी, किंचित खाली उतरलेली डावी भुवई. पंचविशीतला देखणा, माजलेला मर्द. आणि त्याच्या शेजारी, एका हाताच्या अंतरावर, तेच ओठ, तीच खळी, तीच भुवई. जिल्बेरचं ते तोंड थंडीने लाल होऊन बापाकडे बघून हसत होतं.

चौकातली एकेक मान चित्राकडून पोराकडे वळली.

"बघा तरी," मागून एकजण म्हणाला, "सरकार स्वतःच आले की दोर धरायला!"

पुन्हा हशा पिकला. पण गिरणीवाल्याची बायको हसली नाही. ती दोन पावलं पुढे आली, एकदा वर पाहिलं, एकदा खाली पाहिलं.

"कुणाचा तू?"

"फायेचा. चिताऱ्याचा," जिल्बेर म्हणाला. "का हो मावशी?"

"चिताऱ्याचा?" ती म्हणाली. "हे थोबाड चिताऱ्याचं? माझा नवरा चाकावर फिरत होता ना, तेव्हा हे थोबाड वरून बघत होतं." आणि तिने हातातली काठी आडवी त्याच्या तोंडावर हाणली.

नाक फुटल्याचा आवाज आमाब्लने ऐकला. पोराने चौकट सोडली नाही. पडेल म्हणून त्याने ती आणखी घट्ट धरली, आणि त्यामुळे दुसरा फटकाही बसला. मग व्हालकोर्बची माणसं तुटून पडली. त्याचे हात चौकटीवरून उपटून काढले. कुणी केस धरले, कुणी बरगडीत लाकडी जोडा घातला. "बी आहे हे त्याचं! ठेचा!" एकजण त्याच्या छातीवर बसला आणि फरसबंदीतला सुटा दगड उचलून तोंडावर मारू लागला, शांतपणे, खुंटी ठोकावी तसा. जिल्बेर आधी ओरडत होता, "मी काय केलं? अरे, मी काय केलं?" मग दात तुटले आणि शब्द कळेनासे झाले.

"माझा आहे!" आमाब्ल घुसला. "माझा पोरगा आहे तो!"

"तुझा? मग तोंड त्या चित्रातल्याचं कसं? बायकोला विचारून ये घरी!"

आमाब्लने त्या बोलणाऱ्याचा कान दातांनी तोडला. तोंडात रक्त भरलं. पाठीत काठी बसली, गुडघ्यावर बसली, तरी तो रांगत पोरावर जाऊन पडला आणि आडवाच राहिला. आपल्या पोटाखाली ते डोकं ओलं आणि गरम लागतंय एवढंच त्याला कळत होतं. शेवटी जल्लादानेच शिडीवरून उडी मारून चाबूक चालवला आणि कोर्टाचे शिपाई धावत आले. शहरातले लोक कडेला उभे होते. जिल्बेरला लहानपणापासून ओळखणारे होते ते, त्याच्या हातून दारूचे बुधले घेणारे. त्यांतला एकही पुढे आला नाही. त्यांची नजर अजून त्या दोन तोंडांवर होती.

चित्राला ओरखडाही आला नव्हता. हुकमाप्रमाणे ते दोराने वर चढवलं, नाव आणि गुन्हे मोठ्याने वाचले, आणि एक दिवस, एक रात्र ते तिथे वाऱ्यावर डुलत राहिलं. त्याच्यावर कुणी दगड मारला नाही. नंतर जप्तीच्या इतर सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते चांगल्या किमतीला गेलं म्हणतात. काउंट सॅव्हॉयमध्ये म्हातारा होऊन बिछान्यात मेला.

जिल्बेर वाचला. डावा डोळा गेला, नाक गालाच्या बाजूला सपाट झालं, हनुवटीचं हाड तीन ठिकाणी मोडलं. जखमा बांधणारा न्हावी म्हणाला, देवाचीच दया. पेरोनेल रोज कोमट पाण्यात फडकं बुडवून ते तोंड पुसायची. आमाब्लशी ती एक अक्षर बोलत नव्हती. आमाब्ल खाटेच्या पायथ्याशी बसून राही. दुकान बंद होतं. तेहतिसाव्या सरदाराची फळी कोर्टाने दुसऱ्याकडून करून घेतली.

बाराव्या दिवशी सकाळी पट्टीआडून आवाज आला. "बा."

आमाब्लच्या जिवात जीव आला. पोरगा अजून बा म्हणत होता.

"तुला ठाऊक होतं?"

पेरोनेलचा हात थांबला.

"होतं," आमाब्ल म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो हे बोलत होता.

"केव्हापासून?"

"तू जन्मलास तेव्हापासून."

"आणि तरी मला त्याच्या शेजारी उभं केलंस?"

आमाब्ल उशाकडे सरकला. "खरं सांगू? तुझं तोंड मला कधी त्याचं वाटलंच नाही रे. रोज बघत होतो. माझंच वाटायचं."

जिल्बेरने पट्टी स्वतःच्या हाताने सोडली. उरलेला डोळा बापावर रोखला. "आणि आता? आता कुणाचं वाटतं?"

आमाब्लने पाहिलं. या वेळी नजर न चुकवता, कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिलं. खळी नव्हती, ती भुवईही नव्हती; काउंटचं त्यात काहीच उरलं नव्हतं. आमाब्ल नुसता रडत बसला. पेरोनेलने लाल झालेलं पाणी उचललं आणि ओतायला बाहेर गेली.