सोयऱ्याचा डबा

सरकारशी सोयरिक जोडलेली एकच बाई मी आजवर पाहिली, आणि ती माझ्या थोरल्या बहिणीची सासू होती. सरकारला शिव्या देणारे मी गावोगाव पाहिले आहेत, त्याच्यापुढे हात जोडणारे त्याहून जास्त पाहिले आहेत, आणि मी स्वतः त्याच्याविरुद्ध पत्रके छापतो. पण सरकार म्हणजे लेकीच्या सासरचा कोणी दूरचा माणूस, जरा ताठ, मनाने बरा, मात्र कामाच्या रगाड्यात बारशाला यायचे विसरणारा, असे धरून त्याच्याशी अखेरपर्यंत वागलेली बाई वाशीम तालुक्यात दुसरी नसावी. मी तिला मावशी म्हणत असे. ती मला 'छापखाना' म्हणे. माझ्या झोळीत कायम पत्रकांचा गठ्ठा असे आणि तो पाहिल्याशिवाय ती मला भाकरी वाढत नसे. "काय गा छापखाना, आज कोनाले धमकी?" असे विचारून, उत्तर न ऐकता, ती चुलीकडे वळे.

वाशीमच्या वेशीबाहेर त्यांचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, दोडके, आणि वऱ्हाडात आम्ही जिला सांबार म्हणतो ती कोथिंबीर. मावशी रोज टोपली घेऊन बाजारात बसे आणि भाजी तोलण्याआधी गिऱ्हाईक बाईला विचारी, "लेकरं किती?" हा प्रश्न जनगणनेवाल्यांनीही इतक्या कडकपणे विचारला नसेल. बाईच्या कडेवर मूल असेल तर तोललेल्या भाजीवर एक मूठ जास्त पडे. तिला ती 'कडेवरच्याचा हिस्सा' म्हणे. मूल पोटात असेल तर मूठ मोठी होई. या योजनेला नियम नव्हते, अर्ज नव्हता, साहेब नव्हता, त्यामुळे ती बिनबोभाट चालू होती. आता लोकच ते; काही बायांनी शेजारणीचे मूल उसने आणायला सुरुवात केली. एकदा मी स्वतः एक शेंबडे पोर सकाळी एका बाईच्या कडेवर आणि दुपारी दुसरीच्या कडेवर पाहिले, आणि संतापून मावशीला सांगितले, की ही उघड फसवणूक आहे, अशाने गरजूंचा वाटा मारला जातो. मावशीने त्या पोराकडे निरखून पाहिले. "व्हय, हेच होतं सकाळी," ती म्हणाली. "आता त्याले दुपारची भूक लागली असन." आणि मूठ घातली.

माझ्या बहिणीला मुलगी झाली आणि पाठोपाठ विषमज्वराने तिला अंथरुणाला खिळवले. ती वाचली, पण अंगावरचे दूध आटले. पोरीला म्हशीचे दूध पचेना. पाजले की ओकून टाकी. तिच्या मनगटाची कातडी सैल झाली होती. त्याच सुमारास दवाखान्याच्या ओसरीवर सरकारी दूध केंद्र सुरू झाले. अशक्त मुलांसाठी दुधाची भुकटी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातून मिळे, दर बाजाराच्या दिवशी. जुना डबा परत केला की नवा भरलेला मिळे. कंपाउंडर भला माणूस होता. त्याने पोरीचे नाव घातले, मावशीने भुकटी उकळलेल्या पाण्यात कालवून शिंपल्याने पाजली, आणि पोरीने ती पोटात ठेवली. महिन्याभरात तिच्या हाताला वळ्या पडल्या. पोरगी वाचली ती त्या डब्यामुळे, याबद्दल घरात कोणालाच शंका नव्हती.

मी अर्थात मावशीला वस्तुस्थिती समजावून सांगितली. हे कोणाचे उपकार नाहीत, सांगितले. देशातल्या प्रत्येक मुलाच्या दुधाची जबाबदारी राज्याची आहे, सांगितले. 'दूध ही भीक नाही, हक्क आहे' या मथळ्याचे माझे पत्रक वाचून दाखवले. तिने ते शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "म्हंजे सोयराच झाला की. परक्याच्या लेकराले कोन दूध धाडते?"

तिथून सगळे सुरू झाले. आमच्याकडे शेजारून वाटीभर काही आले तर ती वाटी कोणी रिकामी परत करत नाही. घरात काहीच नसले तर चिमूटभर साखर तरी घालतात. आणि मुलासाठी दूध आलेले भांडे रिकामे परत करणे म्हणजे त्या मुलाचेच वाईट चिंतणे, असे मावशी मानी. ओसरीवर तर पाटी होती: 'डबे धुऊन रिकामे परत करावेत. हुकुमावरून.' मी तिला पाटी वाचून दाखवली.

"धुऊन बरोबर हाये," ती म्हणाली. "रिकामे कोनं लिहिलं?"

"सरकारनं लिहिलं, मावशी."

"त्याच्या घरी बाईमानूस नाई काय सांगाले?"

पहिल्या खेपेला डब्यात कोवळी वांगी गेली. नंतर मेथी, पुढे दोडके, संक्रांतीला तिळगूळ, आणि पोरीला पहिला दात आला तेव्हा तांदळाची खीर, झाकणावर फडके बांधून. भाजीच्या ओलाव्याने सरकारचा पत्रा गंजू नये म्हणून ती डब्याच्या तळाला माझे पत्रक घालत असे. माझे पत्रक सरकारी कचेरीपर्यंत नियमाने पोचण्याचा तेवढा एकच मार्ग त्या काळात उपलब्ध होता. डबा देताना ती कंपाउंडरला विचारी, "सरकार बरं हाये ना?" कंपाउंडर म्हणे, "बरं आहे." तो भाजी घरी नेई. त्यालाही चार मुले होती. मावशीने ते पहिल्याच दिवशी विचारून घेतले होते.

बहीण हिंडूफिरू लागली तेव्हा लांबलेले बारसे ठरले, आणि मावशी हळदीकुंकू नि अक्षता घेऊन कचेरीत सरकारला आमंत्रण द्यायला गेली. शिपायाने तिला एका दारातून दुसऱ्या दारात पाठवले. तिने प्रत्येक टेबलावर अक्षता ठेवल्या. बारशाच्या दिवशी बायका पाळण्याभोवती जमल्या, तरी ती नाव ठेवू देईना. "ज्यानं दूध पाजलं थो आल्याबिगर कसं?" अखेर दुपार कलल्यावर कंपाउंडर आला. सरकारच्या वतीने त्याच्या डोक्यावर नवी टोपी चढवून त्याच्या हाती पाळण्याची दोरी दिली गेली, आणि पोरीचे नाव शेवंता ठेवले. पुढे वऱ्हाड एका राज्यातून निघून दुसऱ्यात गेला. सरकार नागपूरहून मुंबईला गेले म्हणून मी तिला सांगितले, आणि राज्यपुनर्रचनेमागचे राजकारणही जमेल तितके सांगितले. ती काळजीत पडली. "एवढा संसार हलवला? भांडीकुंडी नीट गेली ना?" त्या आठवड्यात डब्यात नेहमीपेक्षा जास्त वांगी गेली. नवीन घरात चूल लागायला वेळ लागतो, हे तिचे कारण.

मग केंद्रावर नवे साहेब आले. ते तपासणीला उभे असतानाच मावशीने डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी झाकण काढले. आत मेथीची जुडी होती. त्यांनी जुडी उचलली, खाली माझे पत्रक निघाले, आणि साहेबांनी ते, त्याला चिकटलेली मेथीची पाने बाजूला सारत, उभ्याउभ्या पूर्ण वाचले. लक्षपूर्वक वाचणारा तो माझा पहिला वाचक. मग त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या. एक, ही कर्मचाऱ्याला दिलेली लाच आहे. दोन, ज्या घरात वाटण्याइतकी भाजी आहे ते घर गरजू नाही. तीन, सरकारी डब्यातून सरकारविरुद्ध प्रचार चालला आहे. कंपाउंडरला ताकीद मिळाली, मावशीला डबा मेथीसकट परत न्यावा लागला आणि शेवंताचे दूध बंद झाले.

लाच! ज्या तालुक्यात कोंबडी दाखवल्याशिवाय कागद हलत नाही, तिथे मेथीच्या जुडीत लाच सापडली. मी त्या दिवशी जे पत्रक लिहिले त्याला माझ्या ओळखीचा एकही छापखानदार हात लावेना. मी अर्ज लिहिला, चौकात उभा राहून भाषण केले, पाचसहा माणसे आणि एक बैल एवढ्यांनी ते ऐकले. इकडे शेवंताला पुन्हा म्हशीच्या दुधावर पाणी घालून देऊन पाहिले. तिने पुन्हा ओकले. भाताची पेज घ्यायची, पण रात्री किरकिरायची. हातावरच्या वळ्या गेल्या. मी साहेबांना जाऊन भेटलो. ते दुष्ट नव्हते, हे मला नाइलाजाने लिहावे लागते. ते म्हणाले, "मला त्या मुलीशी वैर नाही हो. त्या बाईकडे एक डबा आहे. तो नियमाप्रमाणे रिकामा माझ्या टेबलावर ठेवू द्या. नाव आजच्या आज चढवतो."

इतके सोपे होते. मी धावत मळ्यात गेलो आणि सांगितले. बहीण माजघरातून म्हणाली, "आत्याबाई, एक डाव रिकामा नेऊन द्या ना. माया लेकीसाठी."

मावशी डबा मांडीवर घेऊन बसली होती. "तुया लेकीसाठीच तर देववत नाई वं," ती म्हणाली.

मी संतापलो. इतक्या वर्षांत मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता. म्हणालो, "मावशी, तुमच्या रिवाजापायी पोर उपाशी राहिली तर तो रिवाज काय कामाचा? हा साधा पत्रा आहे!"

"पत्राच हाये," ती म्हणाली. "माया पायातबी हाडच हाये. पन तू वाकून पाया पडतं ना?" आणि उठून, राखेने तो डबा घासू लागली. घासत घासत म्हणाली, "उद्या येजो संग. तोंड बंद ठेवजो."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मावशीच्या कडेवर शेवंता, पदराखाली डबा, आणि मी, तोंड बंद ठेवून. ओसरीवर आपापले डबे घेतलेल्या बायांची रांग होती. ती आपोआप बाजूला झाली. मावशीने डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला, झाकण काढले. आत काही नव्हते. माझे पत्रकही नव्हते. साहेबांनी वाकून पाहिले, मान हलवली आणि डबा ओढला. तो सरकला नाही. मावशीचा हात त्याच्यावर होता.

"सोडा बाई," साहेब म्हणाले.

"सोडतो. एक घडी थांबा, सायेब."

तिने शेवंताला कडेवरून टेबलावर उतरवले, तिची मूठ धरली आणि डब्यात घातली. शेवंताला डबा ओळखीचा होता. तिने आत मुठीने ठोकले, मग दुसराही हात घातला, मग तोंड घातले. कडेला कुठे पांढरे राहिले आहे का ते जिभेने शोधू लागली. आदल्या दिवशीच तो राखेने घासला होता. त्यात काही नव्हते. तरी ती शोधत राहिली. पाटीवर मुलाच्या मुठीबद्दल काहीच लिहिलेले नव्हते, आणि साहेब ती पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते.

"आता घ्या," मावशी म्हणाली. "आता रिकामा नाई."

साहेबांनी पोरीला दोन्ही हातांनी उचलून बाजूला केले. ज्या सरावलेल्या हातांनी उचलले त्यावरून मावशीने लगेच विचारले, "तुमाले किती?" साहेब म्हणाले, "एक. तिच्या आईकडे आहे, लांब." आणि कंपाउंडरला भरलेला डबा आणायला सांगितला. घरी येताना मावशी मला एवढेच म्हणाली, "पाह्यलं? भरला गेला, भरला आला." पुढच्या खेपांना डबा रिकामा दिसे, आणि प्रत्येक खेपेला शेवंताची मूठ त्यात जाई. मागच्या बायांनी ते पाहिले होते. थोड्याच दिवसांत दूध केंद्रावर प्रत्येक बाई आपल्या पोराची मूठ डब्यात घालूनच तो टेबलावर ठेवू लागली आणि वाटपाला अर्धा दिवस जास्त लागू लागला. साहेबांनी ती प्रथा बंद केली नाही. कोणत्या नियमाने करणार होते?

नंतर एका बाजाराच्या दिवशी दूध केंद्राला कुलूप दिसले. का बंद झाले, कोणी सांगेना. साहेब बदलून गेले, कंपाउंडरला दुसऱ्या गावी पाठवले. मी त्यावर जे लिहायचे ते लिहिले आहे, ते इथे पुन्हा लिहीत नाही. शेवंता तोवर भाकरी खाऊ लागली होती, त्यामुळे आमचे काही अडले नाही. मावशीचे मात्र अडले. शेवटचा डबा तिच्याकडेच राहिला होता. "सोयऱ्याचं भांडं आपल्या घरी राह्यलं," हे ती ज्याला त्याला सांगे. तो केव्हाही परत द्यावा लागेल म्हणून तिने तो कायम भरून ठेवला. मेथी सुकली की वांगी, वांगी नरमली की दोडके. काढलेले घरात शिजे, ताजे डब्यात जाई. मी गेलो की विचारी, "काय गा छापखाना, सरकारचा काई निरोप?" मी म्हणे, नाही. "कामात असन," ती म्हणे.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. मी परवा मळ्यात गेलो होतो. निघताना शेवंता धावत आली. आता ती चांगली दणकट, सगळ्यांना दरडावणारी पोर झाली आहे. तिच्या दोन्ही हातांत तो डबा होता, वर सांबाराची जुडी, आणि तळाला, झाकण उघडून पाहिले तर, माझे जुने पत्रक.

"मामा, तुमी कचेरीत जाता ना? हे सरकारले देजा. आजीनं सांगून ठेवलं हाये, रिकामं नाई द्याचं."

मी तो घेतला. तालुक्यातली एकूण एक कचेरी मला पाठ आहे. कोणत्या टेबलावर कोण बसतो आणि तो काय बोलतो, मी झोपेत सांगू शकतो. वाशीमच्या स्टेशनापर्यंत मी तो डबा हातात धरून चालत आलो आणि बाकावर बसून एकेक टेबल आठवून पाहिले. मग परत फिरलो. शेवंता अंगणातच उभी होती.

"नाई घेतला?" तिने विचारले.

"कामात आहे," मी म्हणालो.

तिने मान हलवली, जुडी काढून आईला दिली, आणि ताजी खुडायला मळ्यात गेली.